शाळा सोडली, आता गणिताचं पुस्तक कुठलं धरू?

प्रश्न : ताई, आम्ही ठाण्याला घोडबंदर रोडला राहतो. मुलगी साडेआठ वर्षांची, यंदा जूनपासून शाळा बंद करून घरीच शिकवतोय. वाचन, चित्रं, परिसर वगैरे मस्त चाललंय पण गणितापाशी घोडं अडलंय. ओळखीतली एक जण म्हणते सिंगापूर मॅथ्सच मागवा, त्या सेटची किंमत बघून पोटात गोळा आला, दुसरी म्हणते बालभारती पुरे, हिचे बाबा अबॅकस लावू म्हणतायत आणि सासूबाई रोज दिवेलागणीला पाढे म्हणून घेतात. पाढे पंधरापर्यंत घडाघडा येतात पण हातच्याची वजाबाकी आली की रडारड. शिवाय पुढे दहावीचं काय तेही डोक्यात आहेच. नक्की काय करू?
— एक आई, ठाणे

उत्तर : तुमच्या पत्रात सगळ्यांची मतं आली, पण मुलीच्या वहीत काय होतंय ते नाही आलं आणि मला तेच आधी बघायचं होतं. आज तिला 402 वजा 187 द्या आणि शेजारी गप्प बसून बघा. दोनातून सात जात नाहीत म्हणून ती शेजारी मागायला जाईल, तिथे शून्य, आणि बरीच मुलं इथेच लटकतात. काही तर सरळ उलटं करतात, सातातून दोन गेले 5, आठातून शून्य 8, आणि उत्तर लिहितात 385. हे असं आलं ना तर समजा की रीत पाठ झालीय पण दशक-शतक डोक्यात बसलेलं नाही. मग कितीही महागाचं पुस्तक आणा, दुसरीच्या वजाबाकीवर परत जावंच लागणार, आणि जा की, घरी शिकवताय तर कोण प्रगतीपुस्तक मागतंय!

खेळातल्या नोटा काढा. तिच्यासमोर शंभराच्या 4 आणि रुपयाची 2 नाणी ठेवा आणि सांगा मला 187 दे. ती म्हणेल सुटे नाहीत. मग तिलाच बँकेतून शंभराची एक मोडून दहाच्या दहा नोटा घेऊ दे, त्यातली एक मोडून दहा नाणी, आता समोर काय झालं, 3 शंभर, 9 दहा आणि 12 सुटे. त्यातून 187 उचलले की 215 उरतात आणि ते शून्याचं 9 कसं झालं ते सांगायची वेळच येत नाही, तिने स्वतःच्या हाताने केलेलं असतं. थोडे दिवस नुसत्या नोटा, मग नोटा मांडून बाजूला वहीत, मग फक्त वही.

आणि गंमत म्हणजे ज्याचा सेट बघून पोटात गोळा आला त्या सिंगापूर पद्धतीचा गाभा हाच आहे, आधी वस्तू, मग चित्र, मग आकडे. तिथल्या शिक्षण मंत्रालयाने 1980 च्या दशकात हे त्यांच्या शाळांत आणलं. त्यातली पट्ट्यांची चित्रं मात्र जरूर उचला. दोघांकडे मिळून 50 गोट्या, ताईकडे भावापेक्षा 14 जास्त, तर भावाकडे किती? दोन सारख्या पट्ट्या काढायच्या, ताईच्या पट्टीला 14 चं शेपूट जोडायचं. शेपूट कापलं की 36, त्याचे निम्मे 18. एवढ्यासाठी सेट नको, त्यात अमेरिकन आवृत्ती हाती लागली तर डॉलर आणि इंच-फूट निस्तरत बसाल.

मुख्य पुस्तक म्हणून मी एनसीईआरटीचं तिसरीचं ‘गणित मेला’ धरेन, 2024 ला आलेलं, पीडीएफ फुकट आहे. त्यात करून बघायला खूप आहे पण सरावाची उदाहरणं कमी पडतात, तिथे बालभारती घ्या, तीही ऑनलाइन फुकट मिळते. एकच मुख्य आणि एक सरावाला, बस्स, आणि वर्षभर बदलायचं नाही. घरी शिकवणाऱ्यांची ही खोड मी फार बघते, दर दोन महिन्यांनी नवीन पुस्तक, आणि पोरगं प्रत्येकात पहिल्या तीन धड्यांवरच.

अबॅकस सध्या नको. त्याने वेग येतो, पण तिची अडचण वेगाची नाहीच. सासूबाईंचे पाढे चालू राहू देत, उलट त्यांना विचारा पावकी-निमकी, म्हणजे पाव आणि अर्ध्याचे पाढे, येतात का. येत असतील तर सोनं आहे, जांभळी नाक्यावर भाजी घेताना 60 रुपये किलोची भेंडी पाव किलो केवढ्याला आणि पाऊण केवढ्याला हे आजी-नातीला करू द्या, अपूर्णांकांची पूर्वतयारी तिथेच होते.

दहावीचं म्हणाल तर एनआयओएसला, म्हणजे शाळेत न जाता दहावी देता येते त्या राष्ट्रीय मुक्त शिक्षण मंडळाला, वयाची 14 पूर्ण लागतात, म्हणजे हातात भरपूर वर्षं आहेत. मराठी माध्यमही आहे. तिथे पाच विषयांत गणित घ्यायलाच हवं असं नाही, पण पुढे इंजिनिअरिंग, डिप्लोमा असं काही मनात आलं तर लागतंच, तेव्हा आत्ता रडते म्हणून तो विषय मनातल्या मनात वगळून टाकू नका. बारा-तेरा वर्षांची झाली की त्यांची दहावीची पुस्तकं एकदा उघडून बघा, बीजगणित आणि भूमितीला कधी हात घालायचा ते तेव्हा ठरवता येईल. सध्या 402 वजा 187.