मिश्र काय, स्पर्धा की माणूस?

तासगाव भागातून आलेला प्रश्न थोडक्यात असा. तिथे एका नव्या जिमच्या फलकावर ‘मिश्र युद्धकला प्रशिक्षण’ असं लिहिलंय. शिकवणाऱ्याच्या नावापुढे ‘एमएमए फायटर’ लावलंय (एमएमए म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स, ठोसे, लाथा आणि कुस्तीच्या पकडी सगळं चालणारा लढतीचा खेळ) आणि त्याच्याकडे कराटेचा ब्लॅक बेल्ट व वर्षभराचं बॉक्सिंग आहे. शेजारच्या गावचा एक पैलवान पिंजऱ्यातली, म्हणजे जाळीच्या रिंगणातली, एमएमएची एक लढत लढून आला, तर लोक त्याला ‘एमएमए मल्ल’ म्हणायला लागले. यातला खरा कोण, आणि त्याला मराठीत म्हणायचं काय?

आधी ‘मिश्र’ या शब्दाकडे बघू, कारण सगळी गल्लत तिथेच आहे. खेळाच्या पानावर हा शब्द आपण रोज वाचतो तो ‘मिश्र दुहेरी’त, आणि तिथे त्याचा अर्थ एक पुरुष व एक स्त्री अशी जोडी. त्यामुळे ‘मिश्र लढती’ असं नुसतं लिहिलं की वाचणाऱ्याला आधी बाई-पुरुषांचा सामना आठवतो. शेतीत मात्र हा शब्द फार नेमका आहे. उसाच्या सरीच्या बगलेला हरभरा किंवा भुईमूग टोकला तर ते आंतरपीक. ओळी वेगळ्या, भांगलण वेगळी, काढणीही वेगळी. ज्वारीच्या बियाण्यातच मटकी नाहीतर मूग मिसळून एका पाभरीनं पेरलं तर ते मिश्र पीक. तिथे कुठली ओळ कशाची हे दाखवता येत नाही. सोमवार-बुधवार बॉक्सिंग, मंगळवार-गुरुवार कुस्ती आणि शनिवारी कराटे असं शिकणाऱ्याचं आंतरपीक झालं. तो मेहनती असेल, त्याला तीन गोष्टी येतही असतील, पण त्या अजून मिसळलेल्या नाहीत.

इंग्रजीतही हा शब्द आधी माणसाला लागलेलाच नव्हता. 12 नोव्हेंबर 1993 ला अमेरिकेत डेन्व्हरला यूएफसी या एमएमएच्या लढती भरवणाऱ्या संस्थेची पहिली स्पर्धा झाली. त्यात बॉक्सर, सुमोवाला, सवात (फ्रेंच लाथा-ठोशांची कला) आणि कराटे करणारे, किकबॉक्सर, जुजुत्सुवाला (जमिनीवर पकडी घालणारा) असे आपापली एकच कला घेऊन उतरले होते. वजनगट नव्हते. ब्राझीलचा रॉयस ग्रेसी एका रात्रीत तीन लढती जिंकला, त्याही फक्त आपल्या घराण्याच्या जुजुत्सुवर. म्हणजे मिश्र होती ती स्पर्धा. माणसं एकजात शुद्ध होती. पुढे सगळ्यांनीच जुजुत्सुची पकड सोडवायला शिकून घेतलं. 2000 च्या सुमारास न्यू जर्सीत एकत्रित नियम ठरले आणि वजनगट, फेऱ्या, हातमोजे असं सगळं बांधलं गेलं. मग एकच कला घेऊन टिकणं अवघड झालं आणि ‘मिश्र’ हे विशेषण स्पर्धेवरून उतरून माणसाला चिकटलं. आज ‘एमएमएवाला’ म्हणताना आपण या दुसऱ्या अर्थानं बोलतो. तासगावच्या फलकावरचा अर्थ अजून पहिलाच आहे.

हा दुसरा अर्थ धरला तर कसोटी सांध्यावर लागते. लढतीचे तीन टप्पे असतात: लांबून ठोसा-लाथ, अंगाला अंग भिडल्यावरची झोंबाझोंबी आणि खाली पडल्यावरची पकड. तिन्ही टप्प्यांत थोडं थोडं येणं पुरत नाही. एका टप्प्यातून दुसऱ्यात जाताना मध्ये जी क्षणभराची फट पडते, ती ज्यानं बुजवली तो मिश्र. सातारा-सांगलीतला जाणकार पैलवानाच्या अंगानंच हे समजून घेईल, म्हणून एकच डाव जवळून बघू: दुहेरी पट, म्हणजे खाली जाऊन समोरच्याचे दोन्ही पाय धरून पाडणं.

तालमीत खडाखडी (सुरुवातीची हातझटापट) होते, मान ओढून बघतात, समोरचा किंचित उभा झाला की पैलवान खाली बसून पट काढतो. पिंजऱ्यात हाच पट तीन ठिकाणी फसतो. पहिलं, सुरुवात. कुस्तीचा पवित्रा वाकलेला असतो. डोकं पुढे, हात खाली, वजन पुढच्या पायावर. ठोसे-लाथा नसतात तिथे हा पवित्रा उत्तम आहे. इथे मात्र पुढे आलेल्या डोक्यावर गुडघा बसतो आणि वजन दिलेल्या मांडीवर लाथ. म्हणून पटाआधी सरळ ठोसा दाखवावा लागतो. समोरच्याचे हात तोंड झाकायला वर गेले की त्याच श्वासात खाली जायचं. ठोसा मारून थांबला आणि मग पट काढला तर ती फट दिसते, आणि सरावलेला माणूस तिथेच पाय मागे फेकून अंगावर बसतो. दुसरं, डोकं. डोकं खाली गेलं आणि समोरच्याच्या बगलेबाहेर राहिलं की मान त्याच्या काखेत अलगद सापडते. कुस्तीत गळा आवळायला मनाई आहे, त्यामुळे पैलवानाला तिथे धोका जाणवतच नाही. इथे तोच गिलोटिनचा गळफास, काखेत सापडलेली मान पुढून आवळायचा डाव. कान समोरच्याच्या छातीला चिकटवून नजर वर, पाठ सरळ आणि कंबर पायाखाली आणत पुढे रेटणं, ही सवय वेगळी लावावी लागते. तिसरं, हातांची पकड. मातीतल्या कुस्तीत लांग (लंगोट), जांघिया धरून कितीतरी डाव चालतात. एमएमएत चड्डी धरणं, हातमोजा धरणं, जाळी धरणं, सगळं फाऊल आहे. घामानं निसरड्या अंगावर पकड टिकवायची तर समोरच्याच्या गुडघ्यांमागे स्वतःचेच हात एकमेकांत अडकवावे लागतात.

खाली पडल्यावर तर अर्थच उलटा होतो. तालमीत लहानपणापासून अंगात भिनलेलं असतं की पाठ टेकली तर हरलो. म्हणून पडता पडता पैलवान पालथा होतो, मातीला चिकटतो. पिंजऱ्यात पालथं होणं म्हणजे पाठ देणं. पाठीवर समोरचा बसला, पाय आत गुंफले, हात गळ्याखाली गेला की संपलं. उलट पाठीवर पडलेला माणूस हरलेला नसतो. पायांनी वरच्याला अडवून तो खालून लढू शकतो. आणि वरच्या पैलवानाची दुसरी अडचण अशी की मातीत चितपट झाली की कुस्ती संपते, म्हणून पाडल्यावर त्याचं अंग नकळत सैल सुटतं. इथे खरं काम तिथून सुरू होतं. ढाकेचंही तसंच. मान आणि हात एकत्र धरून मारलेली ढाक (कमरेवरून फेकायचा डाव) बसली तर उत्तम, पण चुकली तर समोरचा सरळ मागे सरकून पाठीवर येतो. मातीत तो सुटला एवढंच असतं, इथे लढत जाते.

कुस्तीतला कब्जा (मागून घेतलेली पकड) आणि सवारी (पाठीवर बसून दाबणं) मात्र पैलवानाचं मोठं भांडवल आहे. पाय गुंफून पाठीवर वजन टाकायची सवय ज्याला आहे, त्याला मागून गळा धरणं इतरांपेक्षा लवकर जमतं. हा सांधा जुळवायला कुस्तीच कामी येते.

वर सांगितलेला धोका किती खरा आहे, याचं उदाहरण भारतीय कुस्तीतलंच आहे. फोगट घराण्यातली ऋतू फोगट 2019 मध्ये कुस्तीतून एमएमएत गेली, आणि डिसेंबर 2021 मध्ये ‘वन चॅम्पियनशिप’ या आशियाई लढत-संस्थेच्या ग्रां प्री स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत पोचली. समोर थायलंडची स्टॅम्प फेअरटेक्स होती. तिची ओळख मुए थाय (थायलंडची ठोसे-लाथांची कला) आणि किकबॉक्सिंगची. ऋतूनं तिला खाली नेलं, म्हणजे आपलं काम केलं. दुसऱ्या फेरीत खाली असलेल्या स्टॅम्पनं पायांच्या पकडीतून हात ताणून आर्मबार लावला आणि लढत संपली. लाथा-ठोशांवर वाढलेली खेळाडू कुस्तीगिराला जमिनीवर हरवते. त्या रात्री ‘मिश्र’ हा शब्द स्टॅम्पला पुरता शोभला. ऋतूची कुस्ती कमी पडली असं मी म्हणणार नाही. कमी पडला तो कुस्तीच्या पुढचा एक सांधा.

ठोशा-लाथांकडून आलेल्याचं थोडक्यात. बॉक्सर 10 औंसाच्या जाड मोज्यांआड तोंड झाकायला शिकलेला असतो. एमएमएचा मोजा साधारण 4 औंसाचा, म्हणजे सुमारे 113 ग्रॅमचा आणि बोटं उघडी, त्यामुळे तीच झाकण गळते. त्याचा आडवा पवित्रा आणि पुढे टाकलेला पाय एकेरी पटाला, म्हणजे एकच पाय धरून पाडायच्या डावाला, आयता मिळतो. गुणांच्या कराटेत फटका बसला की पंच थांबवतात, त्यामुळे मारून मागे सरायची सवय पडते आणि दुसरा-तिसरा फटका येतच नाही. तासगावच्या त्या प्रशिक्षकाला प्रश्न विचारायचा तो एवढाच: तुम्हाला कोणी पट काढून पाडलं, तर जाळीला पाठ लावून किती वेळात उठता?

दोन्ही दावेदारांना तोलायला आणखी एक भेद उपयोगी आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत घडले. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये मॅट त्यांना नवी होती आणि ते सहावे आले. 1952 मध्ये हेलसिंकीत फ्रीस्टाईलमध्ये त्यांनी कांस्यपदक आणलं. माती आणि मॅट, दोन्हीकडे तयारीनं लढणं फार अवघड आहे, पण ती एकाच कलेची दोन अंगणं आहेत. म्हणून ‘मातीतही लढतो, मॅटवरही लढतो’ एवढ्यावर कुणी मिश्र ठरत नाही. तसंच तीन बेल्ट आहेत म्हणूनही ठरत नाही. आणि पिंजऱ्यात एकदा लढला म्हणूनही नाही, कारण हौशी लढतीत सहसा फेऱ्या लहान असतात, कोपर बंद असतं, नडगीला पॅड असतात. त्यात नुसत्या पटावर जिंकता येतं. पाच मिनिटांची एक पूर्ण फेरी बघा. तीत लढत कुठे चालेल हे जो ठरवतो, पडला तर उठतो, उठताना मार खात नाही आणि उठल्या उठल्या मारतो, त्याला हे नाव द्यायला हरकत नाही. व्यावसायिक लढतीत अशा तीन फेऱ्या असतात, विजेतेपदाला पाच, मध्ये मिनिटभर विश्रांती. माझ्या मते या मोजमापात आपल्याकडचे दोघेही अजून वाटेवर आहेत, आणि पैलवान बराच पुढे आहे, कारण पाडणं आणि वर राहणं शिकायला सगळ्यात जास्त वर्षं जातात.

आता नावाचं. ‘मिश्र युद्धकला’ नको. मराठीत युद्धकला म्हटलं की गनिमी कावा, गडकोट, फौजेची हालचाल आठवते, दोन माणसांची झुंज नाही. ‘मर्दानी खेळ’ तर आपल्या भागात दांडपट्टा, लाठी, भाला यांसाठी पक्का झालेला शब्द. तो हलवू नये. ‘नियुद्ध’ हा जुना संस्कृत शब्द चांगला आहे, अमरकोशात त्याचा अर्थ बाहुयुद्ध असाच दिलाय, पण आज तो वाचून दहातल्या एकालाही पिंजरा डोळ्यांपुढे येणार नाही. ‘अष्टपैलू’ क्रिकेटमुळे ओळखीचा आहे, पण अष्टपैलूची फलंदाजी आणि गोलंदाजी वेगवेगळ्या वेळी होते. एमएमएत सगळं एका श्वासात करावं लागतं, म्हणून तो शब्द गुण सांगायला ठीक, नाव म्हणून नाही.

‘फायटर’ टाळावा, निदान सुटा तरी. आपल्याकडच्या गुन्ह्यांच्या बातम्यांत ‘फायटरने मारहाण’ म्हणजे बोटांत अडकवायचं लोखंडी हत्यार. ‘पैलवान’ हा आपल्या भागात मायेनं कुणालाही घालायचा शब्द आहे, तो पदवी म्हणून वापरता येत नाही. ‘मल्ल’ हा कुस्तीचाच राहू द्यावा. ज्याची जडणघडण कुस्तीची आहे आणि वाचकाला ते कळावं असं वाटतंय, तिथे ‘कुस्तीतून एमएमएत आलेला मल्ल’ असं उलगडून लिहिलं की काम होतं. ‘लढवय्या’ला जोर आहे, पण बाईसाठी लिहिताना अडखळायला होतं. 2023 मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, तेव्हा बातम्यांत ‘महिला मल्ल’ असं जोडूनच लिहावं लागलं. ‘खेळाडू’ला ही अडचण नाही, तो दोघांनाही चालतो. म्हणून सरळ ‘एमएमए खेळाडू’ लिहावं. ‘एमएमए’ देवनागरीत, मध्ये टिंबं न देता, आणि प्रत्यय जोडून: एमएमएचा, एमएमएत. ‘खरा एमएमए खेळाडू’ हा शेरा फलकावर नको. तो बघणाऱ्यांनी द्यायचा असतो.

लढतीचं वर्णन लिहिताना तालमीचे शब्द जरूर वापरा, फक्त जिथे अर्थ जुळतो तिथेच. गळफास, सांधा ताणणं किंवा ठोशानं संपलेली लढत ‘निकाली’, पंचांच्या गुणांवर गेलेली ‘गुणांवर’. दोन्ही शब्द जसेच्या तसे बसतात. ‘चितपट’ आणि ‘आस्मान दाखवलं’ मात्र इथे चुकीचे, कारण पाठ टेकणं म्हणजे हार नव्हे. समोरच्यानं हार मानताना हातानं थोपटलं तर ‘टॅप केलं’ किंवा ‘हात आपटून हार मानली’ लिहा. ‘थाप दिली’ लिहिलं तर वाचणाऱ्याला शाबासकीची थाप वाटेल, आणि ‘थाप मारली’ लिहिलं तर खेळाडू खोटं बोलला असा अर्थ होईल.