सात किलोचं पांघरूण मागवू का?

प्रश्न : नमस्कार ताई. माझं वय ५१, वजन ५८ किलो. वर्षभर पाळी मागेपुढे होतेय. रात्री दोन-अडीचला अंगातून वाफ निघाल्यासारखं होऊन जाग येते, मग साडेचारपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. पाचला उठून डबे, नंतर लोकल. मुलगी स्वीडनला, गोथेनबर्गमध्ये असते. ती सात किलोचं वेटेड ब्लँकेट, म्हणजे मुद्दाम जड केलेलं पांघरूण, वापरते आणि शांत झोप लागते म्हणते. ‘आई, तुला पाठवू का?’ म्हणून मागे लागलीये. सासूबाईंचीही (वय ७८) झोप उडालेली आहे, त्यांना चालेल का? डिसेंबरात आम्ही दोघं मुलीकडे जाणार आहोत.
— एक वाचक, कल्याण

उत्तर : इतक्यात मागवू नका. मुलीला मात्र खुशाल वापरू द्या.

अंगावर वजन आलं की काही माणसं शांत होतात, हे मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करणारी) म्हणून सत्तावीस वर्षं डोळ्यांनी पाहिलंय. आमच्याकडे सात वर्षांचा एक मुलगा यायचा. खुर्चीत बसला की दोन्ही टाचा फरशीवर आपटत राहायच्या. मांडीवर वाळूची दीड किलोची पिशवी ठेवली की आधी उजवी टाच थांबायची, मग डावी. पिशवीवर तळहात पालथा टाकून तो जरा वेळ तसाच बसायचा आणि मग पेन्सिल उचलायचा. त्याच्या आईने हौसेने जड पांघरूणही शिवून घेतलं. मुलगा त्यात खुशीने शिरायचा, पण झोप होती तेवढीच राहिली. २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये ऑटिझम असलेल्या ६७ मुलांच्या चाचणीतही हेच दिसलं होतं : झोपेचे तास वाढले नाहीत, तरी मुलांना आणि पालकांना जड पांघरूणच आवडलं. निवांत वाटणं वेगळं आणि झोप लागणं वेगळं. तुमचं उत्तर मला इथेच सापडतं.

आता तुमच्या मुलीच्या देशाबद्दल. स्वीडनमध्ये असं पांघरूण आमच्यासारखे थेरपिस्ट रुग्णांना सुचवतात. तिथे २०२० मध्ये १२० जणांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना धातूच्या साखळ्या भरलेलं आठ किलोचं पांघरूण दिलं (जड वाटलं तर सहाचं), बाकीच्यांना प्लॅस्टिकच्या साखळ्यांचं दीड किलोचं. चार आठवड्यांनी जड पांघरूणवाल्यांची निद्रानाशाची तक्रार खूपच कमी झाली होती. फरक खरोखर मोठा होता, पण ही सगळी माणसं नैराश्य, बायपोलर, चिंताविकार किंवा एडीएचडी (लक्ष टिकत नाही, चुळबूळ थांबत नाही असा विकार) यांवर उपचार घेणारी होती. शिवाय आपल्या अंगावर आठ किलो आहेत की दीड, हे कुणापासून लपणार? त्यामुळे मनाच्या समजुतीचा वाटा किती, ते वेगळं काढता येत नाही. पुढे स्वीडनमधल्याच उप्साला विद्यापीठात निरोगी २६ तरुणांवर प्रयोग झाला. जड पांघरूणात त्यांच्या लाळेतलं मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाली असं शरीराला सांगणारं संप्रेरक, सुमारे ३० टक्के जास्त वाढलं. झोप मात्र लांबली नाही.

तुमची अडचण वेगळी आहे. तुम्हाला झोप लागते, पण अडीचला अंग तापतं आणि ती मोडते. गाढ झोपेसाठी शरीराला आतून थोडं थंड व्हावं लागतं. अशा वेळी काचेचे मणी भरलेली जाड दुलई कल्याणच्या मे महिन्यात अंगावर घेतली तर काय होईल, ते तुम्हीच सांगा. धुण्याचाही विचार करा. सात किलोची दुलई घरच्या अनेक मशीनना झेपत नाही, आणि पावसाळ्यात गॅलरीत ती वाळायची कधी?

त्यापेक्षा घरातली गोधडी काढा. माझ्या आजीची गोधडी अजून माझ्याकडे आहे. जुन्या लुगड्यांचे सहा थर, वर बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर धावदोरे. ती कवळून मी वजनकाट्यावर उभी राहिले, मग नुसती उभी राहिले. फरक सव्वातीन किलोंचा निघाला. यजमान गेले त्या हिवाळ्यात मी हीच गोधडी दुहेरी घडी करून छातीपासून पोटापर्यंत घेत असे. झोप लगेच येत नव्हती, पण श्वास संथ व्हायचा, आणि मला तेव्हा तेवढाही आधार फार मोठा होता. तुम्हीही रात्री जेवणानंतर पंख्याखाली वीस मिनिटं अशी घेऊन पडून बघा. बरं वाटलं तर वजन तुम्हाला मानवतं. घुसमटल्यासारखं झालं तर पैसे वाचले. पांघरुणाचं वजन आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असावं असं धरतात. तुमच्यासाठी सहा किलो पुरे, सात जास्तच.

सासूबाईंना नको. तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय, की त्या ४४ किलोंच्या आहेत, उजवा खांदा धरलाय, आणि घोरता घोरता मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो. जे पांघरूण माणसाला झोपेत एका हाताने दूर सारता येत नाही ते त्याच्या अंगावर घालू नये. तान्ह्या बाळांना तर कधीच नाही. श्वास थांबत असेल तर तो स्लीप अ‍ॅप्निआ असू शकतो, तेव्हा त्यांना या आठवड्यातच डॉक्टरांकडे न्या. हे टाळू नका, माझी कळकळीची विनंती आहे.

तुमच्या गरम वाफांसाठीही स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा, त्यावर उपचार आहेत. जाग आल्यावर वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणावर तळमळत पडू नका. बाहेरच्या खोलीत मंद दिव्यात बसा, फोन हातात घेऊ नका, डोळे जड झाले की परत या. आणि रविवारीसुद्धा पाचलाच उठा. पहिले दोन-तीन आठवडे जड जातील.

डिसेंबरात मुलीकडे थंडी असेलच. तिचं पांघरूण आठ-दहा रात्री वापरा, सकाळी वहीत दोन ओळी लिहा : किती वाजता जाग आली, घाम आला का. ती वही बघून मग मागवायचं का ते ठरवा, आणि मलाही कळवा.