जुन्या ड्रमसेटला लाकडी व्हिनियर चढवण्यापूर्वी

जुना ड्रमसेट टाकून न देता व्हिनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, चढवून तो पुन्हा उभा करण्याचे तुम्ही ठरवले, याचा मनापासून आनंद झाला. पहिला प्रश्न मात्र मूळ आवरणाचा आहे. ते शाबूत असेल, तर केवळ स्वच्छ करून तसेच राहू द्यावे, कारण मूळ फिनिश एकदा काढले की संग्राहकांच्या दृष्टीने संचाचे मोल बहुधा घटते.

आवरण खरोखरच गेलेले असेल, तर सर्वांत लहान टॉमपासून (टॉम म्हणजे संचातील मधल्या आकाराचे ड्रम) आरंभ करा. लग (ताण देणारे स्क्रू ज्यांत बसतात ते ड्रमच्या अंगावरचे धातूचे भाग) आणि बॅज (कंपनीच्या नावाची पट्टी) काढण्यापूर्वी छायाचित्रे घ्या व प्रत्येक ड्रमचे भाग वेगळ्या पिशवीत ठेवा.

नवशिक्यांना सर्वाधिक महागात पडते ती जाडी. जुन्या शेलचा, म्हणजे ड्रमच्या पोकळ नळकांड्याचा, बाह्य व्यास कधीकधी आधीच किंचित मोठा असतो. त्यावर साधारण ०.६ मिलिमीटरचे व्हिनियर, गोंद आणि लॅकरचे थर चढले, की व्यासात त्या जाडीच्या दुप्पट भर पडते आणि नवे हेड (ड्रमवर ताणून बसवायचा पडदा) अडकते किंवा बसतच नाही. म्हणून चिकटवण्यापूर्वी व्हिनियर शेलभोवती नुसते गुंडाळून त्यावर हेड बसवून पाहा. ते मोकळेपणाने फिरले पाहिजे.

काँटॅक्ट सिमेंट हा गोंद टेकताक्षणी पकडतो, त्यामुळे व्हिनियरचा जोड लगांच्या रांगेखाली येईल अशी खूण आधीच करून ठेवा. घासताना यंत्र वापरू नका, कारण पातळ व्हिनियर क्षणात घासले जाऊन खालचे लाकूड उघडे पडते. १८० आणि मग २२० क्रमांकाचा सँडपेपर रेषांच्या दिशेने हाताने फिरवणे पुरेसे आहे.

हेड जिच्यावर टेकते त्या बेअरिंग एजला तूर्त हातही लावू नका.