ऑस्ट्रेलियाचं लोकसंगीत म्हणजे आयरिश संगीताची नक्कलच ना? तिथले खेड्यातले वादक त्यावर पोट कसं भरायचे?

‘नक्कल’ वाचलं आणि माझा मेहुणा आठवला. तो आठवला की मला गप्प बसवत नाही.

आधी पोटाचं. भरत नव्हतंच. वाजवणारे म्हणजे शेतकरी, मेंढ्यांची लोकर कातरणारे, रेल्वेचे गँगमन. रात्री हॉलमध्ये नाच, मध्यरात्री खाणं, पुन्हा उजाडेपर्यंत नाच आणि तिथून थेट गाईंच्या धारा काढायला. टोपी फिरवून चार शिलिंग जमले तर जमले.

आता नक्कल. पोल्का हा नाच बोहेमियाचा (आजच्या चेक प्रजासत्ताकातला), वर्सोव्हियाना ही जोडीनं नाचायची चाल पॅरिसच्या नाचघरांतली, बटणांचे अकॉर्डियन जर्मन कारखान्यांतले. यात आयर्लंड कुठे आलं? व्हिक्टोरियात कॉरियाँगजवळच्या नॅरिएल खोऱ्यात कॉन क्लिपेलसारख्या वादकांनी हे नाच चालू ठेवले. १९६३ पासून तिथे उत्सव भरतो.

मी गावी भजनात पेटी वाजवायचो. इथे ऑस्ट्रेलियात अकॉर्डियन धरलं, आता बुश डान्सच्या, म्हणजे इथल्या लोकनाचाच्या, बँडमध्ये असतो. मेहुणा पुण्याहून आला होता, सवाई गंधर्व न चुकवणारा. हॉलमध्ये खुर्ची टाकून बसला आणि मध्येच मोठ्यानं, “दाजी, त्याच दोन ओळी किती दळणार?”

अरे, आठ-आठ बारचे (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा तुकडा) दोन भाग फिरून फिरून येतात, कारण पावलांचा क्रमही तिथेच संपून पुन्हा सुरू होतो. वर्सोव्हियानात पाऊल पुढे टेकवून क्षणभर थांबतात. वादकानं लय चढवली की तो थांबा गेला, आणि सत्तरीतल्या आजीबाई एकमेकींवर आदळल्या. शहरातले काही फिडलवाले (व्हायोलिनवाले) याच चाली दुप्पट वेगात वाजवून टाळ्या घेतात. त्यावर नाचून दाखवा म्हणावं.

शेवटी बायकोनं भावाला ओढून उभं केलं. दुसऱ्या फेरीत घामाघूम, तिसऱ्या फेरीत ओठ हलवत बार मोजत होता. तरी गाडीत बसल्यावर म्हणतो, “पण याला बैठक नाही.” नाचाला बैठक कशाला लागते?

हां, गाण्यांत आयरिश धागा आहे, ते नाकारत नाही. लिथगोच्या सॅली स्लोन (१८९४–१९८२) यांना कितीतरी गाणी आईकडून मिळाली, आईला आयर्लंडहून आलेल्या तिच्या आईकडून. लोकगीतं गोळा करणाऱ्या जॉन मेरेडिथनं १९५० च्या दशकात ती टेप केली. त्याचा संग्रह कॅनबेराच्या नॅशनल लायब्ररीत आहे. नाचाच्या चाली मात्र नुसत्या ऐकून कळत नाहीत. इकडे आलात तर बुश डान्सला जा, खुर्ची पकडू नका. पकडलीच तर निदान मोठ्यानं बोलू नका.