जुन्या लेथ मशीनचा भाव कसा करावा?

आपण विचारले आहे की, घरामागच्या शेडमध्ये छोटी कामे करण्यासाठी साडेचार फुटी जुने लेथ मशीन (धातूचा तुकडा फिरवत ठेवून तो टूलने कापणारे यंत्र) पाहून ठेवले आहे, व्यापारी एक लाख दहा हजार रुपये सांगतो आहे, आणि त्याच्याशी घासाघीस कशी करावी. मी 2019 मध्ये पुण्याजवळच्या भोसरीतून असेच एक मशीन घेतले आणि त्याआधी चार मशीन पाहून सोडून दिली, त्यामुळे थोडे अनुभवाने लिहीत आहे.

‘फार सांगताय, काहीतरी कमी करा’ हे वाक्य त्या व्यापाऱ्याने दिवसातून दहा वेळा ऐकलेले असते. भाव उतरतो तो त्याच्यासमोर मोजून दाखवलेल्या दोषामुळे. म्हणून जाताना मॅग्नेटिक बेससह डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारे मापक), मायक्रोमीटर आणि चाळीस मिलिमीटर व्यासाचा फूटभर एमएस (साध्या पोलादाचा) बार बरोबर न्यावा, आणि मशीन विजेवर चालवून दाखवण्याचा आग्रह धरावा. जे मशीन चालवून दाखवता येत नाही, त्याचा भाव बिडाच्या भंगाराच्या आसपासच धरावा. वजनाला भंगाराच्या दराने गुणून येणारा आकडा मनात असला की व्यापारी कोणत्या तळापर्यंत येऊ शकतो याचा अंदाज येतो. त्याखाली तो जाणार नाही, कारण तेवढे पैसे त्याला कोणीही देईल.

सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे बेड, ज्याच्यावर मशीनचे बाकीचे भाग बसतात आणि सरकतात. जुन्या मशीनवरचा ताजा हिरवा रंग पाहून भुलू नये. चकजवळ (काम धरून फिरवणाऱ्या जबड्यांजवळ) बेडच्या कडेवरून नख फिरवावे. कॅरेज (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) वर्षानुवर्षे जिथे चालले तिथे बेड खाल्लेला असतो आणि जिथे ते पोहोचत नाही तिथे पायरी राहते, ती नखाला लागते. त्यानंतर बार चकमध्ये घट्ट धरून शंभर-सव्वाशे मिलिमीटर बाहेर ठेवावा, त्यावर चकजवळ आणि टोकाला अशा दोन पट्ट्या, टूलची बैठक न बदलता, एकाच बारीक कटने फिरवाव्यात, आणि दोन्हींचा व्यास मायक्रोमीटरने मोजावा. माझ्या मशीनवर हा फरक 80 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आला. ‘डोळे झाकून न्या साहेब’ म्हणणारे ते व्यापारी शेठ मायक्रोमीटर पाहून थोडे गप्प झाले आणि मग म्हणाले, ‘मशीन जमिनीवर नुसते ठेवलेले आहे, लेव्हल कुठे केले आहे?’ त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते, कारण असमान जमिनीवर बेडला पीळ पडतो आणि त्यानेही टेपर, म्हणजे दोन टोकांच्या व्यासातला असा फरक, येतो. घरी फाउंडेशन बोल्टवर लेव्हल केल्यावर तो फरक 30 मायक्रॉनपर्यंत खाली आला. पण त्या दिवशी ते सिद्ध करून दाखवणे त्यांच्या हातात नव्हते, आणि तेवढ्यावर भाव सव्वा लाखावरून एक लाखावर आला.

क्रॉस स्लाइडच्या (टूल आडवे आत-बाहेर नेणाऱ्या भागाच्या) हँडलमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, असणे हा वेगळा दोष आहे. तो बोलून दाखवावा, परंतु त्यामुळे मशीन सोडू नये, कारण नट बदलून तो बराच कमी होतो. बेडचे तसे नाही: ग्राइंडिंगसाठी मशीन पूर्ण उघडावे लागते, बेड नेऊन आणावा लागतो, आणि नंतर कॅरेज पुन्हा बसवावे लागते. हेडस्टॉकचा (चक फिरवणाऱ्या पेटीचा) आवाज मात्र सर्व वेगांवर, कान जवळ नेऊन, ऐकावा.

वीज हा मुद्दा बहुतेक जण विसरतात. आपल्या घरी सिंगल फेज असेल आणि मशीनवर थ्री फेज मोटर असेल, तर व्हीएफडीचा (सिंगल फेजवरून थ्री फेज मोटर चालवणाऱ्या उपकरणाचा) खर्च आपल्याला येणार आहे, तो भावात धरावा. असा व्हीएफडी 230 व्होल्टचे तीन फेज देतो, तर लहान मोटर बहुधा 415 व्होल्टला स्टार जोडणीत असते. टर्मिनल बॉक्स उघडून पाहावा. वाइंडिंगची सहाही टोके बाहेर असतील तर तीच मोटर डेल्टा जोडणीत 230 व्होल्टवर चालते, तीनच असतील तर मोटर उघडण्याचे काम वाढते, आणि तेही व्यापाऱ्याला ऐकवता येते.

शेवटच्या पाच-सात हजारांसाठी ताणत बसण्यापेक्षा सुटे सामान मागावे, हे माझे स्पष्ट मत आहे. चार जबड्यांचा चक, फेस प्लेट (वेडेवाकडे काम बांधायची चकती), स्टेडी (लांब कामाला मधे आधार देणारा भाग) आणि चेंज गिअरचा (आट्यांचा पिच बदलणाऱ्या गिअरचा) पूर्ण संच या वस्तू नव्याने घेतल्या तर महाग पडतात, आणि व्यापाऱ्याकडे मात्र त्या कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या असतात. चेंज गिअर मोजून घ्यावेत. एखादा जरी कमी असला तरी काही पिचचे आटे पाडता येत नाहीत. मी 92,000 रुपयांवर थांबलो आणि चार जबड्यांचा चक, स्टेडी व गिअर त्यातच मागितले. स्टेडीसाठी शेठ दहा मिनिटे अडून बसले, मग मुलाला हाक मारून ती स्वतःच घासून आणायला लावली.

हायड्रा क्रेनचे भाडे कोण देणार हे मात्र बयाणा देण्यापूर्वीच ठरवावे, आणि चिठ्ठीवर सुट्या सामानाच्या यादीखाली तेही लिहून घ्यावे. मी ते ठरवले नव्हते, आणि ट्रकजवळ उभे राहून दोन हजार रुपये वेगळे मोजले.