बाहेरचं किट टाकल्यावर चेनसॉचं इंजिन पुन्हा सीझ झालं. दोष किटचाच का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पहिलं इंजिन सीझ झालं, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये जाम झाला, म्हणून तुम्ही ओरिजिनलऐवजी बाहेरच्या कंपनीचं सिलिंडर-पिस्टन किट टाकलं, सोबत कार्बोरेटरही नवा बसवला. तीन टाक्या मशीन झकास चाललं, चौथ्या टाकीला कापता कापता बंद पडलं आणि आता दोरी ओढली तर अजिबात जोर लागत नाही. किट खराब निघालं का आणि दुसरं मागवू का, असं तुम्ही विचारलंय.

दुसरं किट आत्ता मागवू नका. आधी मला एक सांगा, पहिलं इंजिन कशामुळे सीझ झालं होतं? तुमच्या प्रश्नात त्याबद्दल एक शब्दही नाही. पिस्टन खराब झाला म्हणून पिस्टन बदलला, पण पिस्टन ज्या कारणाने खराब झाला ते कारण तसंच मशीनमध्ये राहिलं, तर नवा पिस्टन ओरिजिनल असो वा बाहेरचा, त्याची गत तीच होणार.

हे मी स्वतःच्या मशीनवरून सांगतोय. माझं इंजिन सीझ झालं तेव्हा मीही बाहेरचं किट टाकलं. दोन टाक्यांत ते गेलं. मी सगळा दोष किटला दिला आणि दुसऱ्या कंपनीचं किट आणून बसवलं. तेही गेलं. तिसऱ्या वेळी मात्र आधी क्रँककेसची (पिस्टनखालच्या बंद पेटीची) गळती तपासली आणि क्लचच्या बाजूचं ऑइल सील, म्हणजे शाफ्टभोवतीची रबरी कडी, हवा घेत होतं, हे सापडलं. बाहेरून ते सील अगदी चांगलं दिसत होतं. दोन्ही किटं मी हकनाक घालवली, याचं मला आजही वाईट वाटतं.

चेनसॉच्या टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टन वर जातो तेव्हा क्रँककेसमध्ये ओढ तयार होते आणि त्या ओढीनेच कार्बोरेटरमधून पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येतं. सील, इनटेकचा रबरी बूट, सिलिंडरखालचं पॅकिंग किंवा इम्पल्सची नळी (क्रँककेसचा दाब कार्बोरेटरच्या पंपाला पोचवणारी) यांपैकी कुठेही बारीकशी फट असली, तर तिथून जास्तीची कोरडी हवा शिरते आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. या इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं. त्यामुळे पेट्रोल कमी पडलं की उष्णता वाढते आणि त्याच वेळी ऑइलही घटतं. मशीन बंद पडण्याआधी नेहमीपेक्षा जास्त रेस घेत होतं का? ट्रिगर सोडल्यावर रेस लगेच खाली न येता काही क्षण वरच रेंगाळायची का? तसं असेल तर माझा पहिला संशय हवेच्या गळतीवर. सीझ होण्याआधी मशीन सर्वांत ‘झकास’ पळतं ते याच कारणाने.

आता प्लगची वायर काढून ठेवा, सायलेन्सर उघडा आणि टॉर्च धरून एक्झॉस्टच्या तोंडातून पिस्टन पाहा. मग सिलिंडर उतरवून सगळ्या बाजूंनी नीट बघा. खराब झालेला पिस्टन बरंच काही सांगतो, म्हणून तो फेकायचा नसतो. उभ्या रेघा फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर मिश्रण पातळ झालंय, म्हणजे गळती किंवा कार्बोरेटरची सेटिंग. पिस्टन चहूबाजूंनी खरवडला असेल आणि कोरडा ठणठणीत असेल, तर टाकीत ऑइल न मिसळलेलं पेट्रोल गेलं असण्याची शक्यता फार मोठी. इनटेकच्या बाजूला धुरकट, घासल्यासारखी झीज दिसली तर एअर फिल्टरमधून भुसा आणि धूळ आत गेलीय. पिस्टनच्या पिनच्या रेषेत खोल चर पडला असेल तर सर्क्लिप, म्हणजे ती पिन जागेवर धरणारी तारेची क्लिप, सुटली. आणि रिंगच तुटून तिचे तुकडे पोर्टमध्ये (सिलिंडरच्या भिंतीतल्या, मिश्रण आणि धूर जाण्यायेण्याच्या भोकांत) अडकले असतील, तर मात्र किटवर बोट ठेवायला जागा आहे.

कारण बाहेरच्या किटांत खरोखर दोष असतात, ते मी नाकारत नाही. सर्वांत घातक दोष पोर्टच्या कडांचा. रिंग प्रत्येक फेरीला पोर्टवरून सरकते आणि त्या जागी किंचित बाहेर फुगते. चांगल्या सिलिंडरमध्ये पोर्टच्या कडा हलक्या उतरत्या केलेल्या असतात. स्वस्त सिलिंडरमध्ये त्या कित्येकदा धारदार तशाच सोडलेल्या असतात आणि रिंग तिथे अडकते. बोट फिरवलं तरी धार लागते. नवं सिलिंडर हातात आल्यावर मी पहिल्यांदा तेवढंच बघतो. धार असेल तर बारीक दगडाने ती मारता येते, पण आतल्या मुलाम्याचा टवका उडणार नाही इतक्या हलक्या हाताने. मुलामाच आधीपासून उडालेला दिसला तर ते सिलिंडर बसवूच नका.

दुसरी गोष्ट सर्क्लिपची. किटसोबत येणाऱ्या क्लिपा कित्येकदा मऊ असतात, मी त्या वापरत नाही. पिस्टन बाहेरचा असला तरी क्लिपा ओरिजिनल आणि दर वेळी नव्या. क्लिपचं उघडं तोंड वर किंवा खाली ठेवा, आडवं नको. आडवं ठेवलं तर पिस्टनच्या धक्क्यांनी क्लिप आत दबून निसटू शकते. पिस्टनच्या डोक्यावरचा बाण एक्झॉस्टकडे हवा. पिस्टन उलटा बसला तर रिंगची टोकं पोर्टवर येतात आणि रिंग मोडते. रिंग एकटी सिलिंडरमध्ये घालून, पिस्टननेच सरळ ढकलून, टोकांमधली फट फीलर गेजने मोजा. बोअरच्या (सिलिंडरच्या आतल्या व्यासाच्या) दर २५ मिलिमीटरला ०.१ मिलिमीटर हा ढोबळ हिशेब, म्हणजे ४६ मिलिमीटरच्या बोअरला साधारण ०.२ मिलिमीटर. टोकं एकमेकांना जवळजवळ टेकत असतील, तर रिंग तापून पसरल्यावर तिला जागाच उरत नाही.

कार्बोरेटरबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण तुम्ही किट आणि कार्बोरेटर एकाच वेळी बदललंत. त्यामुळे दोष कोणाचा हे ओळखणं अवघड झालंय. जुन्या कार्बोरेटरला स्क्रू जितके फेरे उघडा ठेवायचात तितकाच नव्याला ठेवला, तर मिश्रण तेच मिळेल याची खात्री नसते. एच स्क्रू, म्हणजे पूर्ण रेसला किती पेट्रोल जावं ते ठरवणारा स्क्रू, इंजिनाच्या आवाजावर लावायचा. पूर्ण रेसला, चेन लाकडात नसताना, आवाज थोडा अडखळता, भरभरता यायला हवा आणि लाकडात घातल्यावर तो स्वच्छ व्हायला हवा. हवेतच आवाज चिरका, तीक्ष्ण येत असेल तर मिश्रण पातळ आहे, स्क्रू उघडा. पण तुमच्या मशीनची कॉइल (प्लगला ठिणगी देणारी) रेस मर्यादित ठेवणारी असेल, तर मर्यादेला पोचल्यावरही तसाच भरभर आवाज येतो आणि आपण समजतो की पेट्रोल पुरेसं जातंय. अशा मशीनवर टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे मोजणारं यंत्र) नसेल तर एच स्क्रू आधी मुद्दाम जास्त उघडा, मग लाकडात आवाज स्वच्छ होईपर्यंतच थोडा थोडा बंद करा.

गळती तपासायला एक्झॉस्ट आणि इनटेक रबराच्या तुकड्याने घट्ट बंद करून, इम्पल्सच्या भोकाला हातपंप लावायचा. ०.५ बार दाब द्या आणि सांध्यांवर साबणाचं पाणी सोडा. दाब टिकला म्हणून तिथेच थांबू नका, मी तिथेच फसलो होतो. दाबाने सीलची ओठासारखी कड शाफ्टवर घट्ट बसते, पण ओढ लागली की तीच कड उचलली जाते. म्हणून तेवढीच उलटी ओढ देऊनही काटा अर्धा मिनिट स्थिर राहतो का ते पाहा, मॅग्नेट (शाफ्टवरचं चुंबकाचं चाक) फिरवून दोन-तीन वेगवेगळ्या जागी थांबवून.

सिलिंडर उतरवलंच आहे तर क्रँककेस धुवून घ्या. पहिल्या वेळी सुटलेले ॲल्युमिनियमचे कण तळाशी राहिले तर ते नव्या पिस्टनलाही खरवडतात. बेअरिंग खरखरतंय का, कनेक्टिंग रॉडला वरखाली ढिलेपणा आहे का, तेही हाताने पाहा.

तुमचं जुनं ओरिजिनल सिलिंडर अजून घरात असेल तर ते नक्की बाहेर काढा. त्यावरच्या रेघा बहुतेक वेळा सिलिंडरला पडलेल्या नसतात. पिस्टनचं ॲल्युमिनियम वितळून वर चिकटलेलं असतं आणि खालचा मुलामा शाबूत असतो. नखाला चर लागत नसेल तर बारीक एमरी पेपरने ते चिकटलेलं काढता येतं. ते ओरिजिनल सिलिंडर आणि चांगला नवा पिस्टन ही जोडी मला पूर्ण बाहेरच्या किटपेक्षा केव्हाही जास्त भरवशाची वाटते.

पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकता तेही लिहा. ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली, २५ ला १ म्हणजे ४० मिली. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत जे प्रमाण असेल ते मापाने घ्या, अंदाजाने नाही.

पिस्टनचे चारही बाजूंचे फोटो टाका, जुना पिस्टन असेल तर त्याचेही. दोन्हींवर रेघा एकाच बाजूला असतील, तर आपण सरळ सीलपासून सुरुवात करू.