वडील 2001 लाच वारले, मग मुलीचा हिस्सा गेला का?

प्रश्न : वकीलसाहेब, वडिलोपार्जित शेतीत हिस्सा मागितला होता पण खालच्या कोर्टाने दावा फेटाळला, म्हणे वडील 2005 च्या आधीच गेले. निकालाला 20 दिवस झालेत आणि भाऊ म्हणतो आता हक्कसोडपत्रावर सही करून मोकळी हो. काय करू?

उत्तर : ताई, आधी एक करा, सही अजिबात करू नका! मुलींना मुलांइतकाच हिस्सा देणारी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती 9 सप्टेंबर 2005 ला लागू झाली, त्या दिवशी वडील हयात पाहिजेत असं सुप्रीम कोर्टाने 2015 च्या फुलवती केसमध्ये म्हटलं होतं खरं, पण 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा केसमध्ये तीन न्यायाधीशांनी ते चुकीचं ठरवलं, मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे, त्यामुळे वडील कधी गेले यावर तो अडत नाही. हां, 20 डिसेंबर 2004 च्या आधी रजिस्टर वाटणी किंवा कोर्टाचा वाटपाचा हुकूमनामा झाला असेल तर मात्र अवघड आहे, नुसतं "तोंडी वाटप झालंय" एवढ्यावर भागत नाही, त्याला सरकारी कागदाचा आधार लागतो, म्हणून जुने फेरफार (जमिनीच्या मालकीतल्या बदलांच्या सरकारी नोंदी) काढून बघा.

आता मुदत. जिल्हा कोर्टात अपिलाला 30 दिवस, हायकोर्टात असेल तर 90. निकालाच्या नकलेचा अर्ज आजच टाका, नक्कल मिळायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात आणि अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली या तारखा नकलेवरच्या शिक्क्यात असतात, त्या नीट तपासून घ्या. उशीर झालाच तर माफीचा अर्ज करता येतो, पण मला मनापासून वाटतं तुम्ही ती वेळच येऊ देऊ नका, जिल्हा कोर्टाची मुदत धरली तरी तुमच्याकडे अजून 10 दिवस आहेत.